बार्शीच्या डोंगरपट्ट्यात छोटा उद्योग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांतले बचत गट, पुण्याहून परत आलेली पोरं आणि 'काहीतरी करायचंय' म्हणणारे शेतकरी पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या माळरानावरच्या लोकांनाही बरंचसं लागू पडेल. योजनांचे नियम आणि मुदती बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी संबंधित कार्यालयात एकदा खात्री करून घ्या.

सोलापूर जिल्ह्यात डोंगर आहेत तरी कुठे?

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर, ऊस आणि ऊन आठवतं. पण पांगरी, गोरमाळे या बाजूला बालाघाटाची रांग येऊन टेकते आणि पलीकडे धाराशिव जिल्हा लागतो. तिकडे माळशिरसच्या पश्चिमेला महादेव डोंगराचे फाटे उतरतात. सह्याद्रीपुढे ही टेकाडं ठेंगणीच. तरी खालच्या भीमाकाठाशी त्यांचं जमत नाही. मुरमाड उथळ रान, उताराने निघून जाणारं पाणी आणि वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, त्यातही भिस्त सप्टेंबरवर. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, खाली उसाचे मळे उभे राहिले, कारखाने आले. कालव्याचं पाणी चढ चढत नाही. त्यामुळे कारखाना, ऊसतोड आणि दूध डेअरी यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था या पट्ट्यात कधी आलीच नाही. म्हणून इथल्या धंद्याचा विचारही वेगळा करावा लागतो.

आमच्या गावात कोणता धंदा चालेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक जण तो उलट्या टोकाने विचारतात. 'कोणत्या यंत्राला अनुदान आहे?' इथून सुरुवात होते. मग शेजारच्या गावात मिरची कांडप बघितलेलं असतं, म्हणून आपल्याकडेही कांडप. एका वाडीत तीन पिठाच्या गिरण्या आणि दळण दोन गिरण्यांचंही नाही, असं चित्र मग दिसतं.

आमचा आग्रह असतो की आधी महिनाभर एक वही करा. गावात बाहेरून काय विकत येतं ते लिहा: पापड, शेवया, पशुखाद्य, शाळेचे गणवेश, लग्नातला मंडप, मोटार रिवायंडिंग. गावातून कच्चं काय जातं तेही लिहा: सीताफळ, तूर, ज्वारी, शेळ्या, दूध, चिंच. धंदा या दोन याद्यांमध्येच कुठेतरी असतो. मोटार रिवायंडिंग ऐकायला काही भारी वाटत नाही, पण बोअरच्या मोटारी दर उन्हाळ्यात जळतात आणि लोक त्या घेऊन बार्शीला जातात. प्रक्रिया उद्योगाचं फ्लेक्स लावणाऱ्यापेक्षा असा मिस्त्री अनेकदा जास्त कमावतो.

सीताफळ आमच्याकडे भरपूर आहे. गर काढायचं युनिट टाकू का?

सीताफळ या भागाला शोभणारं पीक आहे यात वाद नाही. हलक्या रानात येतं, पाणी कमी लागतं, पानाला शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आणि बार्शी तालुक्याने देशाला एक वाणच दिला. गोरमाळ्याचे बागायतदार नवनाथ कसपटे यांनी निवडीतून तयार केलेला एनएमके-१ गोल्डन. फळ मोठं, गर जास्त, बिया कमी आणि साध्या सीताफळापेक्षा टिकाऊ. टिकाऊपणा हाच यातला खरा पैसा आहे. गावठी सीताफळ झाडावरून उतरल्यावर दोन-चार दिवसांत मऊ पडतं. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणून संध्याकाळी भाव पाडला जातो आणि शेतकरी देऊन मोकळा होतो.

यावर गराचा तोडगा सुचतो आणि तो बरोबरही आहे. रबडी, बासुंदी, आइस्क्रीमवाल्यांना वर्षभर गर लागतो. अडचण यंत्राची नसून गारठ्याची आहे. सीताफळाचा गर हवा लागली की लालसर-काळपट पडू लागतो. काढला की लगेच पॅक करून झपाट्याने गोठवावा लागतो आणि पुढे उणे १८ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवावा लागतो, विकला जाईपर्यंत. डोंगरपट्ट्यात रात्री वीज गेली तर जनरेटर हवा, आणि त्याचं डिझेल प्रकल्प अहवालात कुणी लिहीत नाही. शिवाय हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. उरलेले नऊ-दहा महिने यंत्र झाकून ठेवायचं आणि हप्ता मात्र बाराही महिने भरायचा.

तेव्हा पहिल्या वर्षी युनिट नको. फळाची प्रतवारी करा, चांगलं फळ खोक्यात भरून थेट पुणे-सोलापूरला पाठवा, आणि पिकलेल्या, डाग पडलेल्या फळाचा गर काढून भाड्याच्या शीतगृहात ठेवायची सोय होते का ते बघा. जवळच्या एखाद्या आइस्क्रीमवाल्याने दोन हंगाम माल उचलला की मग स्वतःच्या युनिटचा विषय काढा. त्यातही त्याच शीतसाखळीत चिंच, आंबा, पेरू यांपैकी दुसरं एखादं फळ बसतंय का हे आधी जुळवा. एका फळावर उभं राहिलेलं युनिट सहसा तरत नाही.

मग डाळिंब?

पैसा आहे, जोखीमही तेवढीच आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच त्या भागाचं नाव लावायचा हक्क) मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे, आणि देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहूनच सुटली. तेल्या आणि मर या दोन रोगांनी उपटलेल्या बागाही याच जिल्ह्यात भरपूर दिसतील. रोप कुठून आणताय यावर निम्मा खेळ ठरतो. केगावच्या केंद्रात जाऊन आल्याशिवाय एकही खड्डा घेऊ नका.

ज्वारीत काय पैसे मिळणार? ती तर सगळेच पिकवतात.

धान्य म्हणून विकली तर फारसे नाहीतच. पण ज्वारीकडे फक्त धान्य म्हणून बघायची सवय आपल्यालाच लागली आहे. मालदांडी ३५-१ हा वाण गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघाला आणि आजही रब्बीत लोक तोच पेरतात, कारण दाणा पांढरा टपोरा आणि कडबाही चांगला. कडब्याचं गणित धरलं नाही तर ज्वारी नेहमीच तोट्यात दिसते.

उद्योग म्हणून दोन वाटा चालताना दिसतात. एक कडक भाकरी. पातळ थापून, भाजून, पुन्हा निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर कडकडीत वाळवलेली. ओल लागली नाही तर ती बराच काळ टिकते, गोठवायची भानगड नाही, वीज गेली तरी बिघडत नाही. सोलापूर शहरातल्या कितीतरी बायकांचं घर यावर चालतं. शेंगदाण्याच्या चटणीबरोबर ती पुण्या-मुंबईला हातोहात खपते. डोंगरपट्ट्यातल्या गटाला गरयुनिटपेक्षा हा धंदा शंभर पटीने झेपण्यासारखा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. अडचण एकच. भाकरी वाहतुकीत मोडते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर पैसे वाचवू नका.

दुसरी वाट हुरड्याची. डिसेंबर-जानेवारीत गुळभेंडी, सुरती अशा वाणाचा हुरडा, सोबत शेंगा, गूळ, दही आणि तीन-चार तासांचं रान. राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार पर्यटन विभागाकडे नोंदणी करता येते. पण त्याआधी स्वच्छ संडास बांधा. शहरातून आलेलं कुटुंब पुढच्या वर्षी परत येतं की नाही हे तिथेच ठरतं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीचं मानांकन आम्ही पाकिटावर छापू का?

तुमचं रान त्या ठरवून दिलेल्या क्षेत्रात नसेल तर अजिबात नाही. असेल तरीही आपोआप हक्क मिळत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती मानांकन घेणाऱ्या संघामार्फत चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे होते. बार्शीची ज्वारी 'बार्शीची ज्वारी' म्हणूनच विका. तिलाही नाव आहे.

दर कसा ठरवायचा?

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक गट बुडतात ते इथेच, आणि बुडतोय हे त्यांना वर्षभर कळतही नाही.

समजा दहा किलो शेंगदाण्यांची चटणी करायची आहे. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमच्या बाजाराचे घाला. शेंगदाणे १३० रुपयांनी, १३०० झाले. तिखट, लसूण, जिरे, मीठ मिळून २५०. साल निघून, मसाला मिसळून पुन्हा दहा किलोच्या आसपास चटणी होते, म्हणजे पाव किलोची ४० पाकिटं. गटातली ताई हिशेब करते: १५५० भागिले ४०, पाकिटाला ३९ रुपये. आपण ६० ला विकतो, २१ सुटतात.

आता राहिलेलं धरू. गॅस आणि कांडपाचं लाइटबिल १००. पाकीट आणि लेबल पाच रुपये प्रमाणे २००. दोघींची दिवसभराची मजुरी, ३०० प्रमाणे ६००. एकूण २४५०. पाकीट पडलं ६१ रुपये २५ पैशांना. म्हणजे ६० ला विकताना दर पाकिटामागे सव्वा रुपया घरातून गेला. एरवी ज्या बायका रानात खुरपायला जाऊन मजुरी घरी आणत होत्या, त्यांनी इथे दिवसभर कांडून ती मजुरी गिऱ्हाइकाला वाटून टाकली.

यात दुकानदार अजून आलेलाच नाही. त्याला छापील किमतीच्या वीस टक्के हवेत. पोचवण्याचा खर्च आणि परत आलेला माल मिळून पाकिटामागे पाच रुपये धरा. थोडा नफा ठेवून दुकानदाराला ७६ ला द्यायचं असेल तर छापील किंमत ९५ येते. 'इतकी महाग कोण घेणार?' हा पुढचा प्रश्न असतो. गावच्या बाजारात कुणी घेणार नाही, हे खरं. मग तो माल त्या बाजारासाठी नाही. ६० ला विकायचीच असेल तर पाकीट लहान करा, मजुरी कमी धरू नका. 'घरचंच काम आहे' हे वाक्य हिशेबाच्या वहीत येता कामा नये.

परवाने किती लागतात?

धाक वाटतो तितके नाहीत. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी हवीच, अगदी घरून विकत असलात तरी. वर्षाला १२ लाखांच्या आतली उलाढाल असेल तर साधी नोंदणी पुरते, फी नाममात्र आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी, ऑनलाइन आणि पूर्णपणे मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. तिचे पैसे मागणारा माणूस तुम्हाला फसवतोय. जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा आपल्या राज्यात मालासाठी ४० लाख आहे, पण परराज्यात माल पाठवायचा किंवा मोठ्या ऑनलाइन कंपन्यांवर विकायचा तर नियम वेगळे, तिथे सीएला विचारा. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला लागेल.

लोक विसरतात तो वजनकाटा. विक्रीसाठी वापरायच्या काट्यावर वजनमापे कार्यालयाचा शिक्का हवा. आणि लेबलावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, पत्ता, नोंदणी क्रमांक, किंमत आणि हिरवा ठिपका. देवीचा मोठा फोटो छापायला जागा उरली नाही तरी चालेल.

अनुदान कोणत्या योजनेत जास्त मिळतं?

मोजक्या योजना कामाच्या आहेत. अन्नप्रक्रियेसाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, २०२० पासूनची. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी जोडलेलं. ही कृषी विभागाकडे आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढत आली आहे, सध्या चालू आहे ना एवढं विचारून घ्या. बचत गटाच्या सभासदांना याच योजनेत प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवल आहे, ते उमेदमार्फत, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत येतं.

इतर उत्पादन किंवा सेवेसाठी केंद्राची पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती योजना. ग्रामीण भागात सर्वसाधारण पुरुष अर्जदाराला २५ टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे विशेष प्रवर्गाला ३५ टक्के. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. अर्ज जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग मंडळाकडून पुढे जातो. बुरूड, कुंभार, सुतार, लोहार अशा हातकारागिरांसाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा आहे, त्यात ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मुद्रा हे अनुदान नव्हे, निव्वळ कर्ज आहे. हा गैरसमज गावोगाव आहे आणि 'मुद्रा माफ होतं' ही अफवा त्याहून जास्त. थकवलं की सिबिल (कर्जफेडीची पत दाखवणारी नोंद) खराब होतं, मग पीककर्जालाही अडचण.

आणखी एक. पीएमईजीपीचं अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून पडून राहतं, धंदा चालू असल्याची तपासणी झाली की कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता पूर्ण कर्जाचा बसतो असं समजूनच जुळवाजुळव करा. खर्चातून अनुदान वजा केल्यावरच जो धंदा फायद्यात दिसतो, तो धंदा करू नका.

एजंट म्हणतो, दहा टक्के दे, फाइल मंजूर करून आणतो.

देऊ नका. अन्नप्रक्रिया योजनेत अर्ज भरण्यापासून बँकेपर्यंत मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या आहेत, त्यांचं मानधन सरकार देतं. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात नाव मिळेल.

बँक मॅनेजर नुसत्या चकरा मारायला लावतात.

काही शाखांत हे होतं, खोटं नाही. पण मॅनेजरच्या बाजूने एकदा बघा. समोरच्या माणसाच्या खात्यात वर्षभरात काहीच उलाढाल नाही, प्रकल्प अहवाल सायबर कॅफेतला, त्यात गावाचं नावसुद्धा दुसरंच राहिलेलं. सहा महिने छोटा धंदा करा, विक्रीचे पैसे त्याच बँकेतल्या खात्यात भरा, क्यूआर कोड लावा. स्टेटमेंट बोलतं. अर्ज दिल्यावर पोच घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. तेवढ्याने काम हललं नाही तर जिल्ह्याच्या लीड बँक व्यवस्थापकाकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा समन्वय बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. कर्जाआधी आरसेटीचं (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं) मोफत प्रशिक्षण घेतलेलं असेल तर त्या प्रमाणपत्राचाही उपयोग होतो.

बचत गट म्हणून करावं की शेतकरी उत्पादक कंपनी काढावी?

दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी कायद्याने उत्पादक कंपनी काढता येते. काढणं सोपं, चालवणं अवघड. दरवर्षी लेखापरीक्षण, सभा, विवरणपत्रं, सीएची फी, आणि चुकलं की दंड. केंद्राच्या २०२० च्या योजनेत मैदानी भागात किमान ३०० आणि डोंगराळ भागात १०० सभासदांची अट ठेवली होती. आपली टेकाडं त्या डोंगराच्या व्याख्येत बसत नाहीत, हा या पट्ट्याचा जुनाच दैवयोग. चढ डोंगराचा, नियम मैदानाचा.

चटणी, भाकरी, पापड, शेवयांना गट पुरे आहे. तूर किंवा ज्वारी एकत्र करून ट्रकने विकायची असेल, तेव्हा कंपनीचा विचार करा.

जागा सासऱ्यांच्या नावावर आहे. सुनेच्या नावाने धंदा निघेल का?

निघतो. सासऱ्यांचं संमतीपत्र किंवा भाडेकरार करून घ्यायचा. भाडेकरार नोंदवलेला असेल तर बँक कुरकुर करत नाही. घरात बोलणं आधी, स्टॅम्प पेपर नंतर.

उन्हाळ्यात प्यायलाच टँकर असतो, उद्योगाला पाणी कुठून आणायचं?

म्हणूनच धुणं-उकडणं जास्त लागेल असं काही निवडू नका. भाजणं, कांडणं, वाळवणं, शिवणं याला पाणी कमी लागतं. आणि इथल्या एप्रिल-मेच्या उन्हासारखं वाळवणयंत्र फुकटात दुसरीकडे मिळत नाही. साधा सोलर ड्रायर घेतला की धुळीचाही प्रश्न मिटतो. शेवया, कुरडया, कांदा, शेवग्याचा पाला हे सगळं त्याच दोन महिन्यांत उरकून घ्या.

विकायचं कुठे?

आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. पंढरपूर, अक्कलकोट, आणि हद्दीबाहेर तासा-दीड तासावर तुळजापूर. गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने चालत येतं. पण वारकरी आषाढीला ९५ रुपयांची चटणी घेईल असं समजू नका. तिथे दहा-वीस रुपयांची पुडी चालते. चारचाकीने दर्शनाला येणारं कुटुंब घेतं, आणि ते महामार्गावरच्या हॉटेलात चहाला थांबतं. तिथे काउंटरवर जागा मिळवा.

पुण्यात सोलापूरकर वस्त्याच्या वस्त्या आहेत. एका सोसायटीत एक ओळखीची व्यक्ती धरा, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्या, एसटी पार्सल किंवा ट्रॅव्हल्सने आठवड्यातून एकदाच पाठवा. उधारी मात्र पहिल्या दिवसापासून बंद. गावातल्या नात्यागोत्यात हे फार जड जातं, माहीत आहे. गटाचा ठराव करून घ्या म्हणजे नकार एकटीच्या तोंडून जात नाही. प्रदर्शनं चांगली, पण तिथली विक्री बघून फुगून जाऊ नका. त्या गिऱ्हाइकांचे नंबर घेऊन आलात तरच स्टॉलचं भाडं वसूल झालं.

पुण्याला गेलेला मुलगा धंद्यासाठी गावी बोलवावा का?

लगेच नको. त्याचा पगार हा घरातला एकमेव खात्रीचा पैसा असेल तर तो पहिली दोन वर्षं तिकडेच राहू दे. तिकडून तो विक्री बघू शकतो, आणि खरी गरज तिथेच असते. माल करणारे हात गावात मिळतात.

अर्जासाठी कागदपत्रं कोणती तयार ठेवायची?

आधार, पॅन, बँक पासबुक आणि वर्षभराचं स्टेटमेंट, शिक्षणाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, यंत्राची दरपत्रकं, प्रकल्प अहवाल, फोटो. दरपत्रक जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचंच घ्या. पीएमईजीपीत उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या, किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास असल्याचा पुरावा लागतो. आणि सगळ्यात आधी आधार, पॅन, पासबुकावरचं नाव अक्षरशः सारखं आहे का ते बघा. एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, तिसरीकडे नुसतंच आद्याक्षर, एवढ्यावरून महिनोन्‌महिने फाइली पडून राहतात. ती दुरुस्ती आत्ताच टाका, ज्वारी काढणीला आली की आधार केंद्रात जायला कुणालाच सवड नसते.